मुलाच्या पोटात डायलिसिसची नळी: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर काय काय बघायचं

मुलाची मूत्रपिंडं निकामी झाली आणि डॉक्टरांनी पोटाचं डायलिसिस सुचवलं, की घरात पहिली चर्चा होते ती बॅगांची, मशिनची आणि खर्चाची. नळी बसवण्याचं ऑपरेशन 'ते काय, तासाभराचं' म्हणून बाजूला पडतं. वेळेच्या हिशेबाने ते खरंच छोटं आहे. पण नळी वर्षानुवर्षं चालणार की महिन्याभरात बंद पडणार, हे बऱ्याच अंशी त्या तासात आणि त्याच्या आगेमागे दोन-तीन आठवड्यांत ठरतं. त्या काळात पालकांनी काय विचारायचं आणि काय सांभाळायचं, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

दुर्बिणीच्या ऑपरेशनचं कौतुक 'छोटे टाके, लवकर घरी' असं केलं जातं. या ऑपरेशनात तो मुद्दा गौण आहे, कारण उघड्या पद्धतीनेही चीर लहानच घेतात. दुर्बिणीचा फायदा आत दिसण्यात आहे. नळीचं टोक कुठे पडलं, ओमेंटमची, म्हणजे आतड्यांवर लोंबणाऱ्या झालरीची, चरबी तिच्याभोवती गुंडाळली जाईल का, जांघेत हर्नियाची वाट उघडी आहे का, जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटली आहेत का, हे डोळ्यांनी बघून तिथेच दुरुस्त करता येतं. त्यामुळे सर्जनशी बोलताना टाके किती, यापेक्षा 'आत काय काय बघणार आणि सापडलं तर काय करणार' हे विचारा.

नळी नेमकी कशी असते

पोटाच्या आतून पेरिटोनियम नावाचा पातळ पडदा असतो. पोटात डायलिसिसचं पाणी भरून काही तास ठेवलं, की रक्तातली घाण आणि जादा पाणी या पडद्यातून त्यात उतरतं. मग ते काढायचं आणि नवीन भरायचं. ये-जा होते एकाच नळीतून. ही सिलिकॉनची मऊ नळी हेन्री टेंकहॉफ यांनी १९६८ मध्ये पुढे आणली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आतल्या टोकाला बारीक भोकं असतात. मधल्या भागावर डेक्रॉनचे, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या कापडाचे, एक किंवा दोन कफ (पट्टे) असतात. मुलांसाठी शक्यतो दोन कफांची नळी निवडतात. आतला कफ पोटाच्या स्नायूत बसतो, बाहेरचा कातडीखाली. शरीराच्या पेशी या कफांमध्ये वाढतात आणि नळी पक्की धरतात. ही पकड यायला वेळ लागतो. पुढची बरीचशी पथ्यं त्यासाठीच आहेत.

सगळ्यांना दुर्बीण लागते का?

नाही. अगदी लहान, दोन-अडीच किलोच्या बाळात उघडी पद्धत सोपी आणि सुरक्षित ठरू शकते. तातडीने डायलिसिस लागलं, तर अतिदक्षता विभागात तात्पुरती नळी घालूनही सुरुवात करतात. ज्या मुलाचं पोट आधी उघडलं आहे, ज्याला हर्नियाची शंका आहे किंवा ज्याची पहिली नळी बंद पडली आहे, त्याला दुर्बिणीचा उपयोग सर्वांत जास्त. जन्मतः पोटाची भिंत उघडी असणं, मूत्राशय बाहेर असणं, छाती-पोटामधल्या पडद्याला भोक असणं किंवा आतडी चिकटून पोटातली जागाच उरलेली नसणं, अशा मुलांत मात्र पोटाचं डायलिसिसच सहसा करता येत नाही.

माझं मत विचाराल, तर वर्षाला अशा बऱ्याच नळ्या बसवणारा आणि उघड्या पद्धतीने काम करणारा बालशल्यचिकित्सक, क्वचित दुर्बीण हातात घेणाऱ्यापेक्षा बरा. 'मुलांमध्ये अशा नळ्या तुम्ही नेहमी बसवता का?' हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. चांगला सर्जन त्यावर रागावत नाही.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आधी सांगतो: नळी कातडीतून बाहेर कुठे येणार. वॉर्डात या जागेला एक्झिट साइट म्हणतात. ती आदल्या दिवशी, मूल जागं असताना, त्याला बसवून, उभं करून आणि नेहमीचे कपडे घालून पेनने आखून घ्यायला हवी. मूल टेबलावर आडवं आणि भूल दिलेलं असताना पोटाच्या घड्या, चड्डीचं इलास्टिक, परकराची नाडी, शाळेच्या पँटचा पट्टा यांतलं काहीच दिसत नाही. जागा पट्ट्याखाली आली तर रोज घासली जाते, आणि घासलेल्या जागी जंतू शिरतात. बाळ लंगोटात असेल, तर ती लंगोटाच्या वर, दूर हवी. पोटावर लघवीची वाट काढलेली असेल किंवा जठरात खाण्याची नळी असेल, तर एक्झिट साइट तिच्यापासून जितकी लांब तितकी चांगली. काही बाळांमध्ये नळी छातीवरून बाहेर काढावी लागते. एक्झिट साइटचं तोंड खाली किंवा बाजूला वळलेलं असावं. वर वळलेल्या तोंडात घाम आणि पाणी साचतं.

दुसरं, बद्धकोष्ठता. मूत्रपिंडाच्या आजारात पाण्यावर बंधन, लोहाच्या आणि फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या, यांमुळे बहुतेक मुलांना शौचाला कडक होतं. भरलेलं आतडं नळीला ढकलतं, दाबतं. ऑपरेशनच्या काही दिवस आधीपासून लॅक्ट्युलोज किंवा पॉलीइथिलीन ग्लायकॉलने पोट साफ ठेवतात. मेडिकलमधून आपल्या मनाने एनिमा आणू नका. फॉस्फेटचा एनिमा आणि मॅग्नेशियम असलेली जुलाबाची औषधं मूत्रपिंडाच्या मुलांना धोकादायक आहेत, कारण ते क्षार शरीराबाहेर टाकता येत नाहीत.

तिसरं, ज्या मुलाचं वजन वाढत नाही आणि पुढे जठरात खाण्याची नळी लागेल असं वाटतं, त्याची ती नळी डायलिसिसच्या नळीआधी किंवा एकाच वेळी घालणं हिताचं. पोटात पाणी फिरू लागल्यावर जठराला भोक पाडलं, तर जंतुसंसर्गाचा, विशेषतः बुरशीच्या संसर्गाचा धोका वाढतो. 'पुढे बघू' म्हणून सोडून देण्यासारखा हा प्रश्न नाही.

मुलाला मूत्राशयाचा किंवा पाठीच्या कण्याचा जन्मजात त्रास असून अनेक ऑपरेशनं झाली असतील, तर लॅटेक्सच्या (हातमोजे, नळ्यांमधल्या रबराच्या) ॲलर्जीबद्दल भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. रक्त काढायला किंवा सलाईन लावायला कोणी कोपरातली शीर शोधू लागलं, तर हाताच्या मागच्या बाजूची घ्यायला सांगा. पुढे कधी रक्ताचं डायलिसिस लागलं तर फिस्टुलासाठी (हातातली शीर आणि धमनी जोडून केलेल्या वाटेसाठी) कोपराजवळच्या आणि मनगटाच्या शिरा लागतील.

उपाशी ठेवण्याचा नियम साधारण असा: जेवण, वरचं दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. इथे एक मेख आहे. जन्मतः मूत्रपिंड नीट न घडलेली किंवा मूत्रमार्गात पडदा असलेली मुलं आजार वाढला तरी भरपूर लघवी करत राहतात. त्यांना रात्रभर कोरडं ठेवलं तर शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं आणि उरलंसुरलं मूत्रपिंडही दुखावतं. तुमचं मूल असं असेल तर यादीत पहिला नंबर मागा, आणि उशीर होणार असेल तर सलाईन लावायला सांगा. सकाळी रक्तदाबाची कोणती गोळी द्यायची आणि कोणती नाही, हे भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या. पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन आदल्या दिवशी तपासलेलं हवं.

मुलाला काय सांगायचं? खरं सांगा. चार-पाच वर्षांच्या मुलाला बाहुलीच्या पोटाला नळी चिकटवून दाखवली तर ते समजतं. 'काही करणार नाहीत' असं सांगून आत नेलेलं मूल पुढे प्रत्येक ड्रेसिंगला रडतं.

टेबलावर काय घडतं

पूर्ण भूल देतात. चीर घेण्यापूर्वी तासाभराच्या आत शिरेतून प्रतिजैविकाचा एक डोस देतात, बहुधा सेफाझोलिन. लघवीला नळी घालून मूत्राशय रिकामं करतात, कारण भरलेलं मूत्राशय नळी घालताना टोचलं जाऊ शकतं.

बेंबीजवळच्या छोट्या छिद्रातून कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात. दाब मुलाच्या वयाप्रमाणे ठेवतात: बाळांत पाऱ्याच्या ८ मिलिमीटरच्या आसपास किंवा कमी, मोठ्या मुलांत १० ते १२. तीन किंवा पाच मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत जाते आणि पडद्यावर पोट दिसू लागतं.

आता ओमेंटमचा प्रश्न येतो. आतड्यांवर लोंबणारी ही चरबीची झालर मुलांमध्ये फार चळवळी असते. पोटात कुठलीही परकी वस्तू आली की ती जाऊन चिकटते. मोरीच्या जाळीत केस अडकावेत तशी ती नळीच्या भोकांत शिरते आणि पाणी बाहेर येणं थांबतं. म्हणून बऱ्याच केंद्रांत मुलांमध्ये ओमेंटमचा खालचा भाग काढून टाकतात. बेंबीच्या छिद्रातून तो बाहेर ओढून, बांधून, कापता येतो. काही सर्जन तो वरच्या बाजूला टाक्याने अडकवून ठेवतात. ओमेंटमचा भाग काढल्याने मुलाच्या वाढीवर किंवा पचनावर परिणाम होत नाही. ही गोष्ट संमतिपत्रावर आधी लिहिलेली असावी, म्हणजे ऐनवेळी बाहेर बसलेल्या आजी-आजोबांची घालमेल होत नाही.

मग जांघा. मुलग्यांमध्ये गर्भात वृषण खाली उतरताना जी वाट तयार होते ती नंतर बंद व्हायला हवी. बऱ्याचदा ती थोडी उघडी राहते आणि एरवी आयुष्यभर त्रासही देत नाही. पण पोटात रोज पाणी भरल्यावर त्या दाबाने वाट रुंदावते आणि हर्निया होतो किंवा अंडकोष पाण्याने फुगतात. मुलींमध्ये हे कमी, पण होतं. दुर्बिणीतून दोन्ही बाजू सेकंदात दिसतात. वाट उघडी असेल तर त्याच भुलीत बंद करता येते. याची परवानगीही आधीच देऊन ठेवा.

त्यानंतर नळी. पोटाच्या स्नायूतून तिरपा बोगदा करून ती आत सरकवतात आणि टोक ओटीपोटात, मूत्राशयाच्या मागे नेऊन ठेवतात. बोगदा तिरपा असला की नळी खालीच तोंड करून राहते, वर उसळत नाही. आतला कफ स्नायूत बसतो, पेरिटोनियम त्याच्याभोवती घट्ट आवळतात. बाहेरचा कफ एक्झिट साइटपासून साधारण दोन सेंटिमीटर आत राहतो. कफ त्याहून जवळ आला तर पुढे कातडीतून डोकावतो. एक्झिट साइटला टाका घालत नाहीत. 'टाका का नाही घातला?' असं वाटेल, पण त्या टाक्याशीच जंतू घर करतात.

शेवटी टेबलावरच पाणी आत सोडून बाहेर काढून बघतात. धार सलग यायला हवी. ऑपरेशननंतर सर्जन भेटतील तेव्हा चार गोष्टी विचारून वहीत लिहा: टोक कुठे आहे, ओमेंटमचं काय केलं, जांघा बंद होत्या का, पाणी नीट परत आलं का. पुढे दुसऱ्या हॉस्पिटलात जावं लागलं, तर या चार ओळी फाइलमधल्या अनेक पानांपेक्षा उपयोगी पडतात.

पहिले दोन आठवडे

खांदा दुखतो म्हणून मूल रडेल. उरलेल्या गॅसमुळे तसं होतं आणि एक-दोन दिवसांत थांबतं. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी औषधं नकोत; उरलेली लघवी हे डायलिसिसवरच्या मुलाचं मोठं धन आहे आणि ही औषधं तिच्यावर घाला घालतात.

शक्य असेल तर दोन आठवडे नळी वापरू नये. तेवढ्यात कफांची पकड बसते, गळती टळते. पहिल्या धुण्यात पाणी गुलाबी दिसलं तर घाबरू नका. ते हळूहळू निवळतं.

ड्रेसिंगला हात लावू नका. हे पालकांना सर्वांत जड जातं, कारण रोज उघडून बघावंसं वाटतं. ड्रेसिंग भिजलं, सुटलं किंवा रक्ताळलं नसेल, तर जखम भरेपर्यंत आठवड्यातून एकदाच, तेही शिकलेल्या नर्सने मास्क लावून बदलायचं. या काळात हायड्रोजन पेरॉक्साइडसारखं जळजळीत काही लावत नाहीत. हळद, खोबरेल तेल, विभूती, गावाकडच्या वैद्याचा लेप, काहीही नाही. जखम भरल्यावर घरी रोजची स्वच्छता आणि प्रतिजैविक मलम कसं लावायचं हे केंद्रात शिकवतात.

नळी पोटाला चिकटपट्टीने नेहमी पक्की बसवलेली हवी. मूल कुशीवर वळताना, कडेवर घेताना, रिक्षातून उतरताना ती ओढली जाते. एकदा ओढली गेली की आत न दिसणारी जखम होते आणि तिथून संसर्ग सुरू होतो. नळीजवळ कात्री, ब्लेड, सेफ्टी पिन आणू नका. जखम भरेपर्यंत अंग पुसून घ्या. विहीर, नदी, पावसाचं साचलेलं पाणी यांत उतरणं नंतरही नको. पावसाळ्यात दमट हवेने ड्रेसिंग सुटतं, तेव्हा एखादं जादा ड्रेसिंगचं साहित्य घरात असू द्या. खोकला आणि बद्धकोष्ठता दोन्ही पोटातला दाब वाढवतात; दोन्हींवर लगेच उपचार घ्या.

पाणी भरायला सुरुवात

दोन आठवडे थांबणं परवडत नसेल, तर कमी पाण्याने, मूल आडवं असताना सुरू करतात. बसल्यावर आणि उभं राहिल्यावर पोटातला दाब वाढतो, म्हणून सुरुवातीला रात्री झोपेत. मुलांचं पाणी वजनापेक्षा शरीराच्या पृष्ठभागावरून ठरवणं जास्त बरोबर. उदाहरण घेऊ: २० किलो वजन, ११० सेंटिमीटर उंची. पृष्ठभाग येतो सुमारे ०.७८ चौरस मीटर. लगेच सुरू करायचं झालं तर चौरस मीटरला ३०० मिली धरून साधारण २३० मिली. काही आठवड्यांत वाढवत १००० ते ११०० मिलीपर्यंत, म्हणजे या मुलाला ७८० ते ८६० मिली. दोन वर्षांखालच्या बाळांत चौरस मीटरला ८०० मिलीच्या वर सहसा जात नाहीत. हे आकडे तुम्हाला डॉक्टरांचं गणित समजावं म्हणून दिले आहेत. घरी स्वतः पाणी वाढवू नका.

कशाला घाबरायचं आणि काय करायचं

बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं, बॅगेखाली धरलेली छापील अक्षरं वाचता आली नाहीत, तर पोट दुखत नसलं तरी आणि ताप नसला तरी त्याच वेळी केंद्राला फोन करा. बॅग फेकू नका, सोबत न्या. पाण्यातल्या पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरला १०० च्या वर आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणारी पांढऱ्या पेशींची एक जात) असतील, तर पेरिटोनायटिस, म्हणजे पोटातल्या पडद्याचा जंतुसंसर्ग, धरून पोटातूनच प्रतिजैविकं सुरू करतात. नमुना घेण्याआधी गावातल्या दवाखान्यात प्रतिजैविक घेतलं तर जंतू सापडत नाही. बुरशी निघाली तर नळी लवकर काढावी लागते आणि दुसरी बसवायला काही आठवडे थांबावं लागतं. तोवर रक्ताचं डायलिसिस.

ड्रेसिंग स्वच्छ पाण्याने भिजतंय, पोटाची कातडी किंवा अंडकोष सुजले आहेत: गळती किंवा हर्निया. पाणी भरणं थांबवून फोन. पाणी भरल्यावर धाप लागली, तर ते पाणी छातीत गेलं असू शकतं. पोट रिकामं करा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

पाणी आत जातं, बाहेर येत नाही, ही तक्रार सर्वांत नेहमीची. घरी आधी क्लॅम्प (नळी बंद करायचा चिमटा) उघडा आहे का, नळी कुठे मुडपली आहे का, ते बघा. मुलाला कुशीवर वळवा, उभं करा. शौचाला कधी झाली ते आठवा. कित्येकदा पोट साफ झालं की नळी आपोआप चालू होते. तरी नाही, तर हॉस्पिटलात पोटाचा एक्स-रे काढतात. त्यात नळीचं टोक आणि साठलेला मळ दोन्ही दिसतं. आत आणि बाहेर दोन्हीकडे पाणी अडत असेल, तर फायब्रिनची (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या तंतूंची) गाठ किंवा मुडप असण्याची शक्यता जास्त. हेपरिन, म्हणजे गोठणं रोखणारं औषध, घालून धुतात. हे सगळं करून भागलं नाही, तर पुन्हा दुर्बीण. आत जाऊन ओमेंटम सोडवायचा, वर सरकलेलं टोक खाली आणायचं, चिकटलेलं आतडं मोकळं करायचं. बऱ्याचदा तीच नळी वाचते, नवीन बसवावी लागत नाही. दुर्बीण खरी कमाल करते ती या दुसऱ्या फेरीत, असं मला वाटतं.

डायलिसिसवरच्या मुलाचं दुसरं ऑपरेशन

हर्निया नंतर उघड झाला तर तो दुर्बिणीने किंवा जांघेतून दुरुस्त करतात. ऑपरेशनआधी पोट पूर्ण रिकामं करतात आणि नंतर काही दिवस कमी पाणी, तेही झोपूनच. अपेंडिक्समध्ये फसगत होते: पाणी गढूळ, पोट दुखतंय, म्हणून नेहमीचा पेरिटोनायटिस समजला जातो. तपासणीत एकाच वेळी दोन-तीन जातींचे जंतू निघाले किंवा दुखणं एकाच जागी थांबलं, तर आतड्याकडे बघायला हवं. तेव्हा 'सर्जनला दाखवू या का?' असं तुम्हीही सुचवू शकता. डायलिसिस सुरू असताना जठरात नळी घालावीच लागली, तर निव्वळ एंडोस्कोपीने भोक पाडण्यापेक्षा शस्त्रक्रियेने घालतात, प्रतिजैविक आणि बुरशीविरोधी औषध देतात आणि काही दिवस पोटाचं डायलिसिस थांबवतात. दातांच्या कामाआधीही केंद्राला कळवा.

खर्चाबद्दल थोडक्यात: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची मदत करणारे कर्मचारी, बसतात. ऑपरेशन, नळी आणि नंतरच्या बॅगा यांतलं कोणतं योजनेत बसतं, हे तीन वेगळे प्रश्न म्हणून भरती होण्यापूर्वी विचारा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीही वाट आहे. अंगणवाडी किंवा शाळेतल्या तपासणी पथकाकडून पत्र मिळतं.

नळी कधी निघते

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं म्हणून नळी लगेच काढत नाहीत. नवीन मूत्रपिंड कामाला लागायला कधी वेळ घेतं, म्हणून काही आठवडे ती ठेवतात. काढतानाही छोटी भूल लागते, कारण कफ पेशींत रुतलेले असतात आणि सोडवावे लागतात. तोवर नळी वापरात नसली तरी टोपी, चिकटपट्टी आणि रोजची स्वच्छता सगळं आधीसारखंच ठेवा. प्रत्यारोपणाच्या औषधांनी मुलाची प्रतिकारशक्ती दबलेली असते, आणि एक्झिट साइटला लाली किंवा पू दिसला तर या काळात दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते.